बैठकीला न आलेला डॉक्टर

"डॉक्टरवर केस घालू नकोस," असं मला आमच्या कोर्टातल्या सर्वात ज्येष्ठ वकिलांनी स्वतः चहा पाजून सांगितलं होतं. ते कुणाला चहा पाजत नाहीत, त्यामुळे सल्ला गंभीर आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. "ट्रकवाल्यावर घाल, एसटीवर घाल, कारखान्यावर घाल. डॉक्टर उद्या तुलाच लागेल." मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "लागला तर वापीला जाईन." माझं डोकं हे असं आहे. आई म्हणायची, हिच्या नाकावरचा राग उतरायला जागाच नाही, नाकच लहान आहे.

त्या वर्षांत माझं घर हायवेवर चालायचं. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीपासून पार तलासरीपर्यंत रोज कुणी ना कुणी कंटेनरखाली नाहीतर टेम्पोखाली सापडायचं, आणि त्यातली काही माणसं किंवा त्यांच्या बायका डहाणूत माझ्या ऑफिसचा जिना चढायच्या. अपघाताची केस मला तोंडपाठ होती. पंचनामा, विमा कंपनी, अपंगत्वाचा दाखला, तारीख, पुन्हा तारीख. विमा कंपनीचा वकील रेटून खोटं बोलायचा, मी आवाज चढवायचे, मग आम्ही दोघं कँटीनमध्ये एकाच बशीतली भजी खायचो. ट्रकला नंबर असतो. ड्रायव्हर पळून गेला तरी ट्रक तिथे उभा असतो, त्याला नाकारता येत नाही. डॉक्टरच्या केसमध्ये जखम सोडली तर काहीच उभं नसतं.

ती उधव्याकडच्या एका पाड्यावरची, तिशीच्या आतबाहेरची. पालघर जिल्हा नुकताच झाला होता आणि सगळ्या कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या, त्या सुमाराची गोष्ट. मी कोर्टातून आले तेव्हा ती आणि तिची नणंद माझ्या जिन्यात बसल्या होत्या. आत खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा म्हणायला कुणी नव्हतं म्हणून जिन्यात. नवरा उंबरगावकडे मच्छीच्या बोटीवर कामाला, म्हणून नणंद सोबत. मी पंखा लावला, पाणी दिलं. नणंदेने दोन्ही हातांनी पेला घेतला. हिने डाव्या हाताने घेतला आणि तेव्हा पदराखालचा उजवा हात मला दिसला. कोपराच्या थोडं खाली तो संपत होता.

ती डहाणूच्या एका चिकूवाडीत मजुरीला जायची. डोक्यावर चिकूचा क्रेट घेऊन पाटाच्या कडेने चालताना पाय घसरला आणि ती उजव्या हातावर पडली. हाडं मोडली. वाडीवाल्याने रिक्षात घालून हायवेलगतच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने प्लास्टर घातलं आणि घरी पाठवलं. इथपर्यंत कुणाचाच काही दोष नाही. हाडं मोडतात, प्लास्टर घालतात.

पण प्लास्टर आवळून बसलं होतं. हात आतून सुजत गेला आणि त्या सुजेला जायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी बोटं निळी पडली म्हणून नणंद तिला परत घेऊन गेली. डॉक्टरने टेबलापलीकडूनच पाहिलं आणि म्हणाला, प्लास्टर आहे तर दुखणारच, हात वर धरून बस. कंपाउंडरने दुखण्याचं इंजेक्शन दिलं. पुढच्या दिवशी बोटं हलेनात, चिमटा काढला तरी कळेना. पुन्हा गेल्या. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, उद्या या. त्या दोघी दवाखान्याच्या ओट्यावर दुपारभर बसून परत गेल्या. शेवटी पाड्यावरच्यांनी जीप करून सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे प्लास्टर कापलं, तेव्हा आतला हात मेलेला होता. तो काढावा लागला. प्लास्टर वेळेवर उभं चिरलं असतं तर हात राहिला असता. त्याला मोठं शहर लागत नाही, मोठं मशीन लागत नाही, कात्री लागते आणि खुर्चीवरून उठायची इच्छा लागते.

ऐकता ऐकता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती मात्र घोटघोट पाणी पीत होती.

"तुला काय पाहिजे?" मी विचारलं. पहिल्या भेटीत मी हे प्रत्येकाला विचारते, कारण लोक सांगतात एक आणि त्यांना हवं असतं भलतंच.

"त्याला बोलव," ती म्हणाली. "चार मानसांत बसव. त्याचा हात चुकला. त्यानं सांगावा."

मी तिला समजावलं, कोर्ट असं कुणाला बोलायला लावत नाही. कोर्ट भरपाई देतं. डॉक्टरची चूक होती असा हुकूम देतं, तो कागदावर असतो.

"दे मंग कागद," ती म्हणाली. "पन त्याला बोलव."

मी मान डोलावली, वकील डोलावतात तशी, आणि वकीलपत्र पुढे केलं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. डावा अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला आणि पदराला पुसला.

आता मला एक डॉक्टर हवा होता, जो लिहून देईल की प्लास्टर घट्ट होतं आणि ते न कापणं ही हयगय आहे. मी डहाणू, पालघर, बोईसर, वापी सगळीकडचे उंबरठे झिजवले. एकानेही सिल्वासाचे कागद बाजूला सारले नाहीत. सगळ्यांनी वाचले. सगळ्यांनी मान हलवली. एकजण म्हणाला, "हे तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं, मॅडम." मी पेन पुढे केलं. तो म्हणाला, "लिहून नाही देणार. आम्हाला एकमेकांकडे पेशंट पाठवायचे असतात." दुसऱ्याने तर मला त्या डॉक्टरची बाजू ऐकवली, बिचारा एकटा एवढ्या पेशंटना बघतो, आदिवासी भागात राहायला तरी कोण तयार आहे, तुम्ही अशा केसेस केल्यात तर तोही निघून जाईल. मी विचारलं, "म्हणजे भाग आदिवासी असला की हात आवळला तरी चालतो?" त्याने घड्याळात पाहिलं. मी इतक्या जोरात दार आपटलं की बाहेर बसलेल्या एका पेशंटचं बाळ रडायला लागलं. त्या बाळाच्या आईची मी माफी मागितली. डॉक्टरची नाही मागितली.

केस ठाण्याच्या ग्राहक मंचात होती. जिल्हा नवा झाला तरी आमची ही केस ठाण्यालाच चालली. म्हणजे तिने पाड्यावरून पायी उधव्याला यायचं, तिथून तलासरी, तलासरीहून डहाणू, डहाणूहून माझ्याबरोबर गाडीने ठाणे, आणि तिथे कळायचं की समोरच्या वकिलांना बरं नाही. किंवा सदस्य रजेवर आहेत. किंवा टायपिस्ट आलेला नाही. मी तिला सांगितलं, प्रत्येक तारखेला येऊ नकोस, मी आहे. ती तरीही यायची आणि दारातून आत डोकावून एकच विचारायची.

"तो आलाय कं?"

"नाही. त्याचा वकील आलाय."

मग ती आत न येता बाहेरच्या बाकावर बसून राहायची. तिला ग्राहक म्हणायचं हे ज्याला सुचलं त्याला तिच्या शेजारी त्या बाकावर बसवायला हवं होतं. तिने काय खरेदी केलं होतं?

डॉक्टरने लेखी जबाब दिला. मी तो घरी स्वयंपाक करताना वाचला आणि भाजी करपली. लिहिलं होतं, रुग्णाने वेदनेची कोणतीही तक्रार केली नाही. लिहिलं होतं, रुग्णाने घरी जाऊन प्लास्टर सैल करण्याचा प्रयत्न केला असावा आणि गावठी उपचार घेतले असावेत. असावा, असावेत. सिल्वासाच्या कागदावर स्पष्ट होतं की प्लास्टर अखंड होतं आणि ते तिथे कापलं. पण ह्यांच्या 'असावा'ला पुरावा लागत नाही, आणि माझ्या बाईने डॉक्टरसमोर आरडाओरड केली नाही हा तिचा गुन्हा. ती आरडाओरड करतच नाही. त्या पाड्यांवरच्या बायका बाळंतपणातही ओठ दाबून असतात. डॉक्टर इतकी वर्षं तिथे पेशंट तपासत होता, त्याला हे माहीत नव्हतं असं म्हणायची माझी तयारी नाही.

मंचाने सरकारी डॉक्टरांचं मत मागवलं. ते फार उशिरा आलं. त्यात होतं की प्लास्टर घट्ट असल्याची शक्यता नाकारता येत नाही, तथापि ते घट्ट होते असेही निश्चित म्हणता येत नाही. मी ते वाक्य माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, राग थंड पडायला लागला की वाचायला.

आणि मग एका तारखेला डॉक्टरच्या वकिलाने उठून एक अर्ज दिला. तो तरुण, गोड बोलणारा, माझ्याशी नेहमी अदबीने वागणारा. अर्जात म्हटलं होतं की उभय पक्षांत बाहेर समेट झाला आहे, तक्रारदार बाईची आता काहीही तक्रार उरलेली नाही, सबब प्रकरण निकाली काढावं. सोबत स्टँप पेपर. त्यावर तिचा अंगठा. पाड्यावरच्या दोन माणसांचे साक्षीदार म्हणून अंगठे.

त्या दिवशी ती आली नव्हती. महालक्ष्मीची जत्रा चालू होती, अख्खा पाडा तिकडे. मंचाच्या अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, अशिलाशी बोलून सांगते, पुढची तारीख द्यावी. समोरचा वकील हसून म्हणाला, "मॅडम, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही वाटतं?" मी फाईल उचलून निघाले. बोलले असते तर ते मंचात बोलण्यासारखं नव्हतं.

जत्रा संपल्यावर मी उधव्याला गेले. रस्ताभर मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. फुकट केस चालवायला मला काय वेड लागलंय, एवढे उंबरठे मी कुणासाठी झिजवले, आणि ही कुणीतरी दोन गोड शब्द बोलल्यावर अंगठा देऊन मोकळी. पाड्यावर पोचले तेव्हा ती डाव्या हाताने नाचणी पाखडत होती. सूप एका हाताने धरून पाखडता येत नाही, म्हणून दुसरी कड तिने पोटाला टेकवली होती. त्यातली अर्धी नाचणी जमिनीवर सांडत होती आणि कोंबड्या खुशीत होत्या. ते बघूनही माझा राग उतरला नाही, इतकी मी तापले होते.

"मिटवलंस ना?" मी उभ्याउभ्याच ओरडले. "मला न विचारता मिटवलंस!"

"कोन सांगला? नाय मिटवला."

"अंगठा कुणाचा आहे मग?"

"माझा," ती म्हणाली, आणि सूप खाली ठेवून मला बसायला खाट ओढून दिली. "बैठक झाली. पन मिटला नाय."

माझा आवाज ऐकून पाड्यावरचा एक म्हातारा आला. भांडणतंटे मिटवायला तिथे त्यालाच बोलावतात. झालं असं होतं. दवाखान्याचा कंपाउंडर जीप घेऊन आला, सोबत ताडीचे कॅन. म्हणाला, डॉक्टरसाहेबांनी पाठवलंय, चूक झाली, मिटवून टाका. चूक झाली, हे तो सगळ्यांसमोर बोलला. म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे माणसं गोळा केली, सगळे गोल बसले. त्यांच्यात भांडण मिटतं ते असं. ज्याच्या हातून नुकसान झालं तो सगळ्यांसमोर आपली चूक बोलतो आणि स्वतःच्या हाताने ताडी ओततो. ज्याचं नुकसान झालं तो पहिला थेंब धरतरीला म्हणून जमिनीवर सांडतो आणि उरलेली पितो. प्यायला की मिटलं. मग त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार करायचा नाही, पोरांनीही नाही, नातवांनीही नाही.

"मग?" मी विचारलं.

"कंपाउंडरनं ओतला," म्हातारा म्हणाला. "हिनं पेला धरला नाय. मी विचारला, डॉक्टर कोठं हाय? तं तो सांगतो, साहेब कामात हायेत, मी हाय ना. बाकीचे प्याले. ही नाय प्याली."

"आणि अंगठा?"

"त्यानं कागद काढला, सांगला बैठक झाली त्याचा कागद हाय," ती म्हणाली. "दिला."

"अगं, देऊ नये असा!"

"कागद घेऊन येतो तो अंगठा मागतोच," ती म्हणाली, जरा माझ्याकडे पाहून. "तू नाय मागितला?"

मी खाटेवर बसले. कंपाउंडर जीपमध्ये बसून खुशीत परत गेला असणार. अंगठा मिळाला, म्हणजे काम फत्ते, आणि ताडी म्हणजे नुसती खातिरदारी. पाड्यावरच्यांच्या लेखी ताडी हाच करार होता आणि अंगठा म्हणजे कागदवाल्या माणसांची एक खोड. दोघंही आपापल्या जागी निश्चिंत होते. मधल्यामध्ये केस बुडत होती. माझा राग गेला नाही, पण आता तो निदान नीट दिशेला वळला. मी म्हाताऱ्याला म्हणाले, ठाण्याला येऊन हे सांगशील का? तो म्हणाला, "हिला विचार. तिचा पेला, ती सांगेल."

पुढच्या तारखेला ती आत आली. पहिल्यांदाच. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, कमी बोलणारे, कायम सर्दी झालेले. मी उभी राहिले आणि सांगितलं की तक्रारदार स्वतः बोलेल. समोरचा वकील म्हणाला, अंगठा कबूल आहे का एवढंच विचारावं.

"हा अंगठा तुमचा आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझा हाय."

"म्हणजे तुम्ही तडजोड केली."

"नाय केली. मी ताडी नाय प्याली."

मागे बसलेले वकील हसले. समोरचाही हसला, जरा वेळ घेऊन, सगळ्यांना हसू दे म्हणून. मी वळून मागे बघितलं तेव्हा हसू थांबलं. माझा चेहरा तसा झाला असेल. अध्यक्ष मात्र हसले नव्हते. त्यांनी रुमाल खाली ठेवला.

"का नाही प्यालात?"

"डॉक्टर आला नव्हता. ज्याचा हात चुकला तो ओततो. कंपाउंडर ओतत होता." ती अध्यक्षांना तू म्हणत होती, सगळ्यांनाच म्हणते. "तू सांग, माझा हात कंपाउंडरनं बांधलता कं?"

समोरचा वकील उठला, हे सगळं अप्रस्तुत आहे म्हणाला, कागद स्पष्ट आहे म्हणाला. मग मी उठले, आणि आतापर्यंत दाबून ठेवलेलं सगळं बोलले. बाईला वाचता येत नाही, कागद वाचून दाखवला नाही, तिच्या वकिलाला कळवलं नाही, प्रकरण चालू असताना मागल्या दाराने जाऊन अंगठा आणला. आवाज चढला, तो चढू दिला. अध्यक्षांनी मला बसायची खूण केली आणि हळूच विचारलं, "आणि डॉक्टर आले असते तर?"

"तं मिटला असता," ती म्हणाली. "तवाच."

अध्यक्षांनी टायपिस्टला सांगितलं, अर्ज नामंजूर, आणि डॉक्टरांनी पुढच्या तारखेला जातीने हजर राहावं.

तो आला. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा पाहत होते. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, डोळ्यांखाली काळं. मनात मी जो रंगवला होता तो हा नव्हता, आणि त्याचाही मला राग आला. आमचा पुकारा व्हायचा होता म्हणून सगळे बाहेर उभे होते. ती बाकावरून उठली. नणंदेने पिशवीतून एक स्टीलचा पेला काढून तिच्या हातात दिला आणि पाण्याची बाटली काढून डॉक्टरपुढे धरली.

"इथं ताडी आनू देनार नाय," ती त्याला म्हणाली. "पानी हाय. ओत."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. कंपाउंडरने त्याला त्या बैठकीचं काहीतरी सांगितलं असणार, कारण त्याची नजर आधी पेल्यावर गेली, मग तिच्या दुसऱ्या हाताकडे, जो नव्हता. तिचा एकुलता एक हात पेल्यात गुंतलेला होता. डॉक्टर काहीतरी बोलणार होता. त्याचा हात बाटलीकडे गेला. हे मी पाहिलं, नणंदेने पाहिलं. बोटं बाटलीला लागली.

"सर, नको," त्याचा वकील म्हणाला आणि त्याने डॉक्टरचं मनगट धरलं. "काही हातात घेऊ नका. काही बोलू नका. उद्या ही कबुली म्हणून दाखवतील."

डॉक्टरने हात मागे घेतला. खिशातून मोबाईल काढला आणि त्यावर काहीतरी बघत तो जिन्याच्या टोकापर्यंत चालत गेला. तिने पेला थोडा वेळ तसाच धरला, मग नणंदेला दिला.

"चल बाय," ती मला म्हणाली. "आता भांड."

आत डॉक्टरने साध्या, बिनचूक भाषेत सांगितलं की त्याने वैद्यकशास्त्राच्या नियमांनुसार उपचार केले. मी विचारलं, दुसऱ्या दिवशी तुम्ही बोटांना हात लावून पाहिलं का? तो म्हणाला, आठवत नाही. मी विचारलं, प्लास्टर चिरायला किती वेळ लागतो? त्याचा वकील उठला. मी पुन्हा विचारलं. तो वकील उठतच राहिला. मी भांडले. चांगली भांडले.

परतीच्या गाडीत मात्र मला स्वतःचाच संताप आला. तो तरुण वकील चुकला नव्हता. मी त्या डॉक्टरची वकील असते तर मीही त्याचं मनगट धरलं असतं, त्याच क्षणी, त्याहून घट्ट. तेच आम्हाला शिकवलंय आणि त्याचेच आम्ही पैसे घेतो. चुकलेल्या माणसाने चुकलो म्हणू नये यासाठी ही सगळी इमारत उभी आहे, तारखा, अर्ज, शपथपत्रं, मी, तो. डॉक्टरच्या बोटांना बाटली लागली होती. दोन वकील तिथे नसते तर ते प्रकरण त्या व्हरांड्यातच मिटलं असतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. सिल्वासाचा कागद आणि डॉक्टरचं 'आठवत नाही' पुरेसं ठरलं. सेवेत त्रुटी आणि हयगय सिद्ध होते, भरपाई द्यावी. मी हुकूम घेऊन पाड्यावर गेले, जाताना तलासरीच्या नाक्यावरून पेढेसुद्धा घेतले. म्हातारा, नणंद, शेजारपाजारच्या बायका जमल्या. मी हुकूम मोठ्याने वाचला, सोप्या मराठीत करून सांगितला. डॉक्टरची चूक होती, कोर्टाने लिहिलंय. बायका हसल्या, कुणीतरी पेढे वाटले.

"वाचला तवा तो होता कं तिथं?" तिने विचारलं.

"नव्हता. त्याचा वकील होता."

"मंग?"

मी हुकुमाची घडी घातली. म्हाताऱ्याने पेढा तोंडात टाकला आणि तो दुसरीकडे बघायला लागला. ती उठली, मला चहा ठेवायला चुलीकडे गेली. एका हाताने चहा करायला तिला वेळ लागतो. मी तो सगळा वेळ बसून होते.

महिनाभरात डॉक्टरने मुंबईला राज्य आयोगात अपील केलं. पहिल्या तारखेला ती आली, मी नको म्हणत असताना. तोच गोड वकील लिफ्टजवळ भेटला. म्हणाला, "मॅडम, कशाला ताणायचं? डॉक्टरसाहेबही कंटाळलेत. किती वर्षं जातील सांगता येत नाही. तुम्ही फक्त आकडा सांगा, बसून मिटवून टाकू."

मी मागे वळून पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, नणंदेच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून बाटलीचं बूच दिसत होतं.

"आकडा नाही," मी म्हणाले. "त्याला घेऊन या. पाणी आम्ही आणलंय."